तांब्याभर पाणी

वैशाखातली एक सकाळ मी खर्डीच्या आतल्या बाजूला, एका पाड्यावरच्या अंगणवाडीत काढली. सेविकाबाईंनी परातीत माती घेतली, तीत तांब्याभर पाणी ओतले आणि पाचसहा पोरांना भोवती बसवले. त्यांत एक मुलगी दोन वर्षांचीही नसेल. थोरल्या बहिणीच्या कडेवर बसून आली होती. तिने आधी एक बोट बुडवले, मग सारा तळवा. बोटांच्या फटींतून चिखल वर आला तशी ती दचकली आणि मग हसली. पुढे अर्धा तास तिने दाबले, पसरले, थोपटले. त्यातून ना बैल झाला, ना चूल.

दारात तिची आई हंडा घेऊन उभी होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाई, पाणी लांबून आणावं लागतं."

त्या वाक्यापुढे माझे बालशिक्षणावरचे सारे वाचन मुके झाले. याच शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, आणि तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा जागी तांब्याभर पाणी खेळात घालणे ही चैन नव्हे काय?

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा प्रश्न याच जातीचा होता. माँटेसरीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पाने, माती हीच साधने केली. पोरे धाकट्या भावंडांना सोडून शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. गरिबी हे मुलाला नाकारण्याचे कारण त्यांनी मानले नाही. पण लाकडी ठोकळ्याऐवजी बी चालते. पाण्याऐवजी काय चालणार?

आपण खेळाची बाजू मांडताना म्हणतो, चिखल मळून बोटे बळकट होतात, पुढे पेन्सिल नीट धरता येते. हे खरे आहे. परंतु उपयोग हीच कसोटी धरली, तर हंड्यातले पाणी केव्हाही अधिक उपयोगाचे, आईच जिंकते. मला वाटते, मुलाचा खेळ ही उद्याची पेरणी नव्हे, ते त्याचे आजचे जगणे आहे. आपण तुळशीला पाणी घालतो तेव्हा हिशेब विचारत नाही. मुलाचाही तसाच वाटा आहे.

पण हा वाटा कोणाच्या डोक्यावरून यायचा? इथे माझी वाणी अडखळते. मी मुंबईचा. माझ्या नळाला पाणी येते आणि मी त्या बाईला त्यागाचा उपदेश करणार! मुलाचा हक्क खरा असेल, तर त्याचे ऋण तिच्यावर नाही. ज्यांच्या घरी नळ आहे त्यांच्यावर आहे.

खेळ संपला. बाईंनी परातीतले गढूळ पाणी फेकले नाही, भोपळ्याच्या वेलाच्या मुळाशी ओतले. मुलगी धावत जाऊन आईच्या मांडीला बिलगली, आणि लुगड्यावर पाच बोटे उमटली. आईने खाली पाहिले. तिने तो डाग पुसला नाही. हंडा सावरला आणि दुसऱ्या हाताने पोरीला उचलून ती वाटेला लागली.