दगडावरचं नाव

नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर) परिसरात एखाद्या जुन्या देवळामागे वीरगळ दिसतो. खालच्या चौकटीत ढाल-तलवारीने लढणारा माणूस, कधी शेजारी गाई. त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर तोच शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव मात्र नाही. कर्नाटकात वीरगळांवर लेख पुष्कळ सापडतात, आपल्याकडचे बहुतेक मुके. मला याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, गाई सोडवताना कोण पडला हे गावाला ठाऊकच होतं, मग कोरायचं कुणासाठी? पुढच्या पिढ्या ते विसरल्या, तेव्हा दगडाला शेंदूर लागला आणि त्याचा देव झाला.

मग लढाई शिवेवरून उठून बसऱ्याला गेली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं आली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. इकडे गावांतही संगमरवरी पाट्या लागल्या: या गावातून इतके गेले, पैकी इतके परतले नाहीत. वीरगळाला निदान चेहरा होता, इथे बेरीज उरली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये.

नगरचा विषय निघाला की मला अरुण खेत्रपाल आठवतो. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. जून १९७१ मध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झालेला हा सेकंड लेफ्टनंट त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा नगरच्या चिलखती दलाच्या शाळेत शिकत होता. निघताना त्याने समारंभाचा निळा गणवेश आणि गोल्फच्या काठ्या बरोबर घेतल्या, लाहोरला खेळायचं म्हणून, असं सांगतात. एकवीस वर्षांच्या पोराला शोभेल असाच हा थाट. १६ डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे, जरपालजवळ, त्याच्या सेंच्युरियन रणगाड्याने पेट घेतला. तो सोडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालत होती, म्हणून त्याने ऐकलं नाही, आणि तिथेच तो पडला.

त्या काळी पडलेल्याचं दहन बहुधा तिकडेच होई. त्याचं सांब्याजवळ झालं, घरी अस्थी आल्या. पुढे परमवीरचक्र मिळालं, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतल्या संचलन मैदानाला नाव दिलं गेलं. रणगाड्यालाही नाव होतं, 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या बंदराचं. तो नगरलाच जपून ठेवला आहे. पण त्याच रणगाड्यात सवार नंदसिंगही मारला गेला, हे किती जणांना ठाऊक असतं? मलाही उशिरा कळलं. आकड्यातून नाव सुटलं खरं, पण नावांचीही हुद्द्याप्रमाणे रांग लागली. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, २०१९ पासून, पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र दगड. तिथे ही रांग थोडी मोडली, असं मला वाटतं.

कारगिलपासून, म्हणजे १९९९ पासून, तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येऊ लागली. 'अमर रहे'च्या घोषणा, शाळेला नाव, वेशीवर कमान. वीरगळ एका अर्थाने गावात परतला. कमानीवर उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचं नाव जवानाच्या नावाशी स्पर्धा करतं, हा आपला नवा शेंदूर.

२००१ मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, ऐंशी उलटल्यावर आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची सरबराई केली ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. परतण्याच्या आदल्या रात्री नासेर म्हणाले की अरुणच्या रणगाड्यावरचा तो शेवटचा गोळा त्यांचा होता. ज्या लाहोरला मुलगा गोल्फच्या काठ्या घेऊन निघाला होता, तिथेच बापाला त्याची अखेरची लढाई ऐकायला मिळाली, समोरून पाहिलेल्या माणसाच्या तोंडून, त्याचाच पाहुणा म्हणून.