मूळ किती उरलं?

नोव्हेंबरातला पहिला रविवार. क्रॉलीला मामेभावाकडे उतरले होते. सकाळी त्याने उठवलं, "चल, ताई, म्हाताऱ्या गाड्या बघायला." हाय स्ट्रीटच्या कडेला गर्दी होती, आणि लंडनहून एकेक गाडी धापा टाकत येत होती. बहुतेकींना टप नाही, पुढे काच नाही. आत घोंगड्या पांघरलेली माणसं. एक गाडी आमच्यासमोरच थांबली. आजोबा उतरले, किटलीने पाणी ओतू लागले. मी विचारलं, "यातलं मूळचं किती?" ते म्हणाले, "इंजिनाचा ठोकळा. बाकीचं विचारू नका." आणि हसले.

लंडन ते ब्रायटन हा साधारण ६० मैलांचा प्रवास. १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा कोणी नसतो. हाईड पार्कातून सूर्योदयाला निघायचं आणि जमलं तर समुद्र गाठायचा. मूळ फेरी १४ नोव्हेंबर १८९६ ची. नव्या कायद्याने वेगमर्यादा ताशी १४ मैल केली, गाडीपुढे माणूस चालवण्याची सक्ती उठवली, त्याचा तो आनंदोत्सव. आजही निघताना लाल निशाण फाडतात. गंमत अशी, की निशाणाची सक्ती १८७८ मध्येच गेली होती. उरला होता तो पुढे चालणारा माणूस. म्हणजे आठवणीतही सुटे भाग बदललेले असतात, आणि तरी ती चालते.

त्या आजोबांचं हसू माझ्या मनातून गेलं नाही, कारण प्रश्न माझ्याही धंद्याचा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न रथावरून विचारला गेला. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, तू पायी आलास की रथाने? रथाने. मग आस म्हणजे रथ का? चाकं? जू? प्रत्येक वेळी नाही. तर रथ हे या भागांच्या आधाराने चालणारं एक नाव, एवढंच. (बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनाचं, प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा तिथे शेजारी राहतात, हे मला फार आवडतं.) नागसेनाचं उत्तर मला पटतं. पण बाजारात ते अपुरं पडतं. रथ हे केवळ नाव असेल तर त्या नावाखाली काहीही विकता येईल, आणि फसवलं असं कोणालाच म्हणता येणार नाही.

बाजारातला खटला १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात चालला. 'ओल्ड नंबर वन' या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकली होती. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सला तिला अपघात झाला, चालक क्लाइव्ह डनफी गेला, आणि गाडी पुन्हा बांधली गेली. पुढे एक कोटी पौंडांना सौदा ठरला, मग खरेदीदार अडला : ही ती गाडीच नव्हे. १९२९ च्या गाडीतलं तिच्यात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, हे खरंच होतं. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की ही 'ओल्ड नंबर वन'च. ती कधी मोडीत निघून नव्याने जुळवली गेली नव्हती. शर्यतीमागून शर्यत बदलत गेली, पण तिचं आयुष्य मध्ये कुठे तुटलं नव्हतं.

निकाल मला उदार वाटतो. पण तो देता आला याचं कारण, कोणता भाग कधी बदलला याचा माग काढता येत होता. माझ्या कामाचा माग कोण काढणार?

एका बंगाली कादंबरीकाराची एक कादंबरी मी मराठीत आणली. पहिल्या आवृत्तीत एक परिच्छेद मराठीत उभाच राहीना. मी फोन केला. दादा म्हणाले, "तुमच्या भाषेत चाललं पाहिजे. लागेल ते करा." मी एक वाक्य काढलं आणि माझं घातलं. दुसऱ्या आवृत्तीत आणखी दोन, तिसऱ्यात किती ते मोजलं नाही. दादा तोवर गेले होते. मागच्या वर्षी इंदूरहून एका बाईंचं पत्र आलं. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी कादंबरीतलं एक वाक्य वहीत उतरून ठेवलं होतं. हे लिहिणाऱ्याला माणूस कळला होता, असं त्यांनी लिहिलं होतं. ते वाक्य माझं होतं. बंगालीत ते नाही.

पहिला विचार आला तो सुखाचा, हे कबूल करते. मग भीती. दादांची परवानगी होती, पण परवानगी त्यांची आणि माझी. त्या बाई त्या फोनवर नव्हत्या.

१८९६ च्या त्या फेरीबद्दल एक वदंता आहे. म्हणतात, एक गाडी आगगाडीत घालून ब्रायटनला नेली, आणि लोकांसमोर आणण्याआधी तिला चिखल फासला. मला वाटतं, आगगाडीत कोणाचं फारसं काही बिघडलं नसतं. गाडी बंद पडली, आगगाडीने आणली, असं सांगितलं असतं तर लोक हसले असते आणि चहा पाजला असता. चिखल वेगळा. क्रॉलीच्या आजोबांनी टायर बदलला, पाइप बदलला, बहुधा चाकंही. चिखल मात्र रस्त्याचा होता, आणि विचारल्यावर त्यांनी ठोकळ्यापुरतं का होईना, खरं सांगितलं. माझं ते वाक्य यातलं कोणतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. परिच्छेद चालावा म्हणून ते घातलं, हे खरं. पण ते दादांसारखं वाटावं म्हणून मी दोन दिवस घासलं, हेही खरं.

चौथी आवृत्ती निघते आहे. प्रस्तावनेत मी चार ओळी लिहिल्या आहेत : कोणत्या पानांवर माझा हात मूळापेक्षा जास्त फिरला आहे. प्रकाशक म्हणतात, काढून टाका, वाचक उगाच शंका घेत वाचेल. त्यांचंही चुकत नाही. इंदूरच्या पत्राला उत्तर लिहायला दोनदा बसले. दोन्ही वेळा 'सप्रेम नमस्कार'च्या पुढे गेले नाही. त्यांचे यजमान आता कसे आहेत, हेही पत्रात नव्हतं.