दिव्याच्या फलाटावर फोनची परीक्षा

मोबाइल फोनचे परीक्षण आता एका ठरलेल्या साच्यात होते. प्रोसेसर कोणता, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, पडद्याचा रिफ्रेश रेट किती, चार्जिंग किती वॉटचे आणि शेवटी किंमत. ही मापे खोटी नाहीत. पण ती घेतली जातात बंद खोलीत, भरवशाच्या वाय-फायवर, कोऱ्या करकरीत फोनवर आणि दोन्ही हात मोकळे असताना. मुंबईच्या लोकलने रोज कामाला जाणाऱ्या माणसासाठी फोन म्हणजे आधी तिकीट, मग वेळापत्रक, मग पाकीट, करमणूक त्यानंतर. या कामांत फोन आणि ॲप कुठे टिकतात आणि कुठे कोलमडतात, हे परीक्षणात क्वचितच येते. ते पाहायचे तर दिवा स्थानकासारखी जागा नाही.

दिवा हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर मुंब्रा आणि कोपर यांच्यामधले जंक्शन. येथून एक फाटा वसईकडे, दुसरा पनवेलकडे जातो; सावंतवाडीची गाडीही इथूनच सुटते. गाव ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे, पण त्याची वाढ झाली ती परवडणारे घर शोधत आलेल्या कुटुंबांमुळे. चाळी आणि इमारती रुळांच्या कडेपर्यंत आल्या, रुळांवरचे फाटक उघडले की लोकल खोळंबू लागल्या. जलद लोकलना इथे थांबा मिळाला तो डिसेंबर २०१६ मध्ये; तोपर्यंत एवढ्या मोठ्या वस्तीची मदार धीम्या गाड्यांवरच होती. गर्दी, दाट बांधकाम आणि वेळेची ओढाताण, फोनला जड जाणाऱ्या या तिन्ही गोष्टी इथे रोज सकाळी एकत्र येतात.

उपनगरी तिकीट फोनवर काढण्याची सोय मुंबईत डिसेंबर २०१४ मध्ये आली. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने बनवलेल्या यूटीएस ॲपचे उद्घाटन तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी केले. सुरुवातीला फोनवर पैसे भरूनही स्थानकातल्या एटीव्हीएम यंत्रातून कागदी तिकीट छापून घ्यावे लागे, म्हणजे एक रांग टळली आणि दुसरी लागली. २०१५ मध्ये कागदाविना तिकीट सुरू झाले तेव्हा खरा प्रश्न समोर आला. टीसी दिसल्यावर गाडीतच तिकीट काढणाऱ्याला रोखायचे कसे? उत्तर जीपीएसमध्ये शोधले गेले. रुळांभोवती नकाशावर एक पट्टा आखला. फोन त्या पट्ट्यात असेल तर कागदाविना तिकीट निघणार नाही. बाहेरच्या बाजूलाही, म्हणजे स्थानकापासूनच्या अंतरावर, मर्यादा होती. उपनगरी भागात ती आधी २ किलोमीटर होती, २०२२ च्या अखेरीस ५ किलोमीटर झाली आणि २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. आतला पट्टा मात्र राहिला.

नियम साधा आहे, पण तो फोनच्या ज्या भागावर उभा आहे त्याकडे परीक्षक ढुंकूनही पाहत नाहीत. उघड्या आकाशाखाली फोन आपली जागा साधारण ५ मीटरच्या आत सांगतो. दिव्यात उघडे आकाश मिळते कुठे? दोन इमारतींमधल्या गल्लीत उपग्रहाचा संदेश थेट न येता भिंतीवर आपटून येतो. त्याची वाट लांबते, फोनचा हिशेब चुकतो आणि नकाशावरचा निळा ठिपका सरकतो. ठिपका घसरत रुळांच्या पट्ट्यात गेला की ॲप नकार देते, माणूस मात्र घराच्या दारात उभा असतो. मग तो चार पावले मागे जातो, फोन डोक्याच्या वर धरतो, पुन्हा बटण दाबतो आणि मान वळवून पाहतो तर इंडिकेटरवरची गाडी निघून गेलेली.

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. जीपीएसचा जुना नागरी संदेश एल-१ या वारंवारतेवर येतो. त्यातला मोजणीचा एक टप्पा जवळजवळ ३०० मीटर लांबीचा असतो. नव्या एल-५ संदेशात हाच टप्पा दहापट लहान, सुमारे ३० मीटरचा आहे. त्यामुळे थेट आलेला संदेश आणि भिंतीवरून परतलेला संदेश यांतला फरक फोनला बराच नीट ओळखता येतो. दोन्ही वारंवारता ऐकणारा पहिला फोन शाओमीने २०१८ मध्ये आणला. इस्रोची नाविक ही उपग्रहप्रणालीही एल-५ वापरते, आणि जानेवारी २०२० मध्ये क्वालकॉमने नाविक ऐकणाऱ्या चिप जाहीर केल्या, त्यांत स्वस्त फोनसाठीच्याही होत्या. तरीही दुकानात फोन विकताना कोणी ‘यात एल-५ आहे’ असे सांगत नाही. पन्नासऐवजी शंभर मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळतो म्हणून ग्राहक चार पैसे जास्त मोजतो. रोज सकाळी उपयोगी पडणारा भाग त्याला माहीतही नसतो. ग्राहक माहितीअभावी चुकीच्या गोष्टीवर खर्च करतो, आणि त्याची जबाबदारी प्रामुख्याने परीक्षण लिहिणाऱ्यांवर येते.

दुसरी अडचण वेळेची. उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती तो स्वतःच पाठवतो, पण अतिशय संथ गतीने, सेकंदाला ५० बिट. ती पूर्ण यायला साधारण अर्धा मिनिट लागते. फोन एवढा थांबत नाही, कारण तो हीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून झटकन मागवतो. नेटवर्क तुंबले की ही मदत बंद होते. सकाळी भरगच्च फलाटावर हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात, वर प्रत्येक लोकलबरोबर आणखी काही हजार फोन येतात आणि जातात. म्हणजे जीपीएस, डेटा आणि पेमेंट यांपैकी एक जरी अडले तरी तिकीट अडते, आणि गर्दीत तिन्ही एकदमच अडतात. यातली एक कडी वगळण्याचा शहाणा मार्ग यूटीएसमध्ये होता, तो म्हणजे आर-वॉलेट. पैसे आधीच भरून ठेवले की तिकिटाच्या वेळी बँकेची वाट पाहावी लागत नाही. स्थानकातला क्यूआर कोड स्कॅन करून पट्ट्याच्या आतूनही तिकीट काढण्याची सोय पुढे आली. पण त्या कोडचे फोटो काढून ठेवायचे आणि गाडीतूनच स्कॅन करायचे, ही पळवाट काहींनी शोधली. फसवणुकीवरचा प्रत्येक बंदोबस्त शेवटी प्रामाणिक प्रवाशाच्या डोक्यावर एक जादा पायरी ठेवतो, याचा विचार ॲप बनवणाऱ्यांनी पुरेसा केलेला दिसत नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. फोन बंद पडला आणि तिकीट दाखवता आले नाही, तर प्रवासी विनातिकीट धरला जातो. म्हणून संध्याकाळी परतताना उरलेली १० टक्के बॅटरी ही प्रवाशासाठी दंडाची शक्यता असते. ५,००० एमएएच ही आज सर्वसाधारण क्षमता झाली आहे आणि सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या ७,००० एमएएच बॅटरीचे फोनही २०२५ मध्ये भारतात आले. स्वागत करावे अशी ही सुधारणा आहे, आणखी पातळ फोनपेक्षा कितीतरी मोलाची. परंतु परीक्षणात मोजली जाते नव्या फोनची बॅटरी. दोन वर्षे वापरल्यावर तीच बॅटरी किती तास टिकते, हे सांगणारे परीक्षण शोधून सापडत नाही.

ॲपचा खरा कस लागतो तो गाडीची माहिती देताना. २ जानेवारी २०१५ रोजी सकाळी बिघाडामुळे लोकल रखडल्या आणि दिव्यात प्रवाशांचा संताप उसळला. लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, मध्य रेल्वेची वाहतूक तासन्‌तास कोलमडली. त्या उद्रेकाची कारणे वर्षानुवर्षांची होती: कमी गाड्या, फाटक, जलद लोकलना नसलेला थांबा. पण पुढची गाडी कुठे आहे हे फलाटावरच्या कोणालाच ठाऊक नसणे, हेही त्यात होते. तिकीट फोनवर येऊन आठवडाही झाला नव्हता. पैसे घेण्याची सोय आधी झाली. गाडीची नेमकी जागा दाखवणारे मध्य रेल्वेचे ‘यात्री’ ॲप लोकलसाठी सुरू झाले ते जुलै २०२२ मध्ये, गाड्यांवर जीपीएस उपकरणे बसवल्यानंतर. हा क्रम उलटा असायला हवा होता.

मधल्या काळात प्रवाशांना सांभाळले ते एम-इंडिकेटरने. सचिन टेके यांनी २००८ च्या सुमारास हे ॲप साध्या, बटणांच्या फोनसाठी बनवले, तेव्हा भारतात स्मार्टफोन मोजक्यांकडेच होते. त्यातला मोठा शहाणपणा असा की वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असते. रेंज असो वा नसो, डेटा संपलेला असो, ‘दिवा’ निवडले की पुढच्या गाड्या समोर. १९१६ पासूनच्या, सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगद्यातून जलद लोकल धावत तेव्हा रेंज हमखास जाई, पण हे वेळापत्रक चालूच राही. पुढे त्यात प्रवाशांच्या गप्पांची जागा आली. ‘अंबरनाथ स्लो सात मिनिटं लेट’, ‘मुंब्र्याला थांबलीय’ अशा एकेका ओळीतून मिळणारी खबर अनेकदा फलाटावरच्या घोषणेच्या आधी पोहोचते. मोठ्या निधीशिवाय, एका गरजेवर नेम धरून बनवलेले हे मराठी माणसाचे ॲप भारतीय ग्राहक-तंत्रज्ञानातल्या उत्तम कामांत मोडते; त्याचा अभ्यास इंजिनीअरिंगच्या वर्गात व्हायला हवा.

बाहेरच्या यंत्रणेवर कमी विसंबण्याचा हाच गुण स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर यूपीआय लाइटमध्ये दिसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या या सोयीत छोटी रक्कम फोनमधल्या शिलकीतून जाते, पिन लागत नाही, प्रत्येक वेळी बँकेच्या यंत्रणेला साद घालावी लागत नाही. एका हाताने दांडी किंवा पिशवी धरलेल्या माणसाला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पैसे देता येतात.

जुलै २०२५ मध्ये रेल्वेने ‘रेलवन’ हे नवे ॲप आणले. आरक्षण, अनारक्षित तिकीट, पास, गाडीची चौकशी, जेवण, तक्रार असे सगळे त्यात एकत्र आहे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबाला हे सोयीचे आहे. दिव्याच्या प्रवाशाला मात्र दिवा ते ठाणे एवढेच तिकीट हवे असते, तेही चालता चालता. त्याच्या दृष्टीने ॲपची परीक्षा वेगळी: उघडल्यापासून किती दाबांत तिकीट निघते, तीन वर्षे जुन्या स्वस्त फोनवर किती सेकंदांत निघते, नेटवर्क अडखळले तर कापले गेलेले पैसे कधी परत येतात, काढलेले तिकीट डेटाविना दाखवता येते का, आणि फोन बदलला तर पास नव्या फोनवर किती खटपटीने येतो. या परीक्षा गर्दीच्या वेळी, गर्दीच्या फलाटाबाहेर उभे राहून घेता येतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मराठीत फोनवर लिहिणारे आणि व्हिडिओ करणारे अनेक जण याच मार्गावर राहतात. हे काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. आणि तोवर, दिव्याची तिकीट खिडकी व एटीव्हीएम यंत्रे पूर्ण क्षमतेने चालू ठेवणे रेल्वेला भागच आहे, कारण बंद पडलेल्या फोनच्या मालकालाही सकाळचीच गाडी पकडायची असते.