सहावा बार

अकोला जिल्ह्यात पातूरच्या बाजूला दोन सख्ख्या भावांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर सामाईक विहीर खोदणं चाललं होतं. वीस फुटांवर काळा पाषाण लागला. पहार त्याच्यावर नुसती वाजायची. म्हणून अमरावतीकडच्या गिट्टी खदानीत जन्म घालवलेल्या मिस्त्रीला बोलावणं गेलं.

धाकटा भाऊ तापट. खर्चाच्या वाट्यावरून सकाळीच त्याचं थोरल्याशी वाजलं होतं. "आता कोर्टातच पाहू," असं म्हणून तो मोकळा झाला होता आणि संध्याकाळी अकोल्याला वकील गाठणार होता.

मिस्त्रीनं सहा होल भरले, माणसं आणि गुरं लांब काढली, लाल झेंडी लावली. "बार हाय हो, बार!" अशी आरोळी देऊन त्यानं बार उडवले. आवाज त्यानं बोटांवर मोजले. पाचच झाले.

धाकटा विहिरीकडे निघाला, तसा मिस्त्रीनं त्याचा दंड धरला. "कुठी चालला रे बापू?"

"एक फुसका गेला असन. पाहून येतो. मले संध्याकायी अकोल्याले जा लागते."

"बस इथं. न फुटलेल्या बारापाशी घाई करू नये."

दोघे लांब निंबाखाली बसले. मिस्त्रीनं शॉटफायररच्या परवान्यासाठी केलेला अभ्यास त्याच्या चांगला लक्षात होता. तो सांगू लागला. पूर्वी खाणीत काळी दारू ठासायचे. १८४७ साली इटलीत सोब्रेरोनं नायट्रोग्लिसरीन शोधलं. काळ्या दारूहून कितीतरी जोरकस, पण साध्या धक्क्यानंही उठणारं. स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलनं त्याचा कारखाना काढला. १८६४ मध्ये स्टॉकहोममध्ये तिथं स्फोट झाला आणि काही माणसं गेली.

"त्यात त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. एमिल."

धाकटा गप्प झाला.

मग नोबेलनं ते तेल एका सच्छिद्र मातीत जिरवलं. जोर थोडा उतरला, पण माल हाताळता येऊ लागला. हेच डायनामाइट. त्याचं पेटंट १८६७ सालचं. पुढं जिलेटिनच्या कांड्या आल्या. मिस्त्रीनं ऐन उमेदीत त्याच वापरल्या होत्या. दिवसभर त्या हाताळल्या की रात्री डोकं ठणकायचं. २००४ पासून आपल्या देशात नायट्रोग्लिसरीनवाल्या मालावर बंदी आली. आता स्लरी आणि इमल्शन. त्यात अमोनियम नायट्रेटबरोबर चक्क पाणी असतं. कांडीला लोक अजून जिलेटिनच म्हणतात, पण ही ठोकरीनं सहसा उठत नाही.

"एवढा शांत माल हाय, मंग भेता कायले?" धाकट्यानं विचारलं.

"मालाले नाही भेत. आत केप हाय ना! बोटाएवढी असते, पण साऱ्याले उठवते. दीडशे वर्षं शहाणी माणसं या मालाचा राग कमी करत आली. अन् तू सकायपासून केप खिशात घालून फिरू रायला."

ठरलेला वेळ गेल्यावर मिस्त्री एकटाच पाहायला गेला. सहाव्या होलाची तार तुटलेली होती. त्यानं सगळ्यांना पुन्हा लांब काढलं, तार जोडली, पुन्हा आरोळी दिली. सहावा बार झाला, तेव्हा उन्हं कलली होती.

धाकटा अकोल्याला गेला नाही. थोरल्याच्या ओसरीवर जाऊन म्हणाला, "दादा, खर्चाची वही काढ. तुह्या हातचा हिशेब मी अजून धड पायलाच नाही."

वहीत थोरल्यानं खर्चाचे दोन हजार स्वतःच्या वाट्याला जास्त घेतलेले निघाले.

बोध : जोर आवरता आला, तरच तो कामाचा. रागाच्या भरात पाऊल उचलण्याआधी थोडं थांबावं. तेवढ्यात खरं काय ते समोर येतं.