तिकोन्याचे तीन बिंदू

माणूस मोठा झाला की बिघडतो, की मुळातच बिघडलेला असतो आणि मोठा झाल्यावर नुसता दिसू लागतो? असले प्रश्न तत्त्वज्ञांना पडतात. मला तो चिरंजीवांच्या चिक्कीमुळे पडला.

आम्ही पडलो लोणावळ्याचे. तेव्हा चिरंजीवांनी कॉम्प्युटरवर जो पहिलावहिला खेळ रचला, त्यात आकाशातून चिक्क्या पडतात आणि आपण त्या टोपलीत झेलायच्या. मागे पवन मावळातला तिकोना किल्ला. चिक्कीचा फोटो चिकटवलेला; तिकोना मात्र नुसते आकडे लिहून उभा केलेला. खेळ टीव्हीवर मोठा करून लावला, तर चिक्कीचे चौकोन चौकोन दिसू लागले आणि तिकोन्याची धार जशीच्या तशी!

"बाबा, फोटोत ठिपके साठवलेले असतात. मोठा केला की तेच ताणायचे. एसव्हीजी म्हणजे स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स. त्यात ठिपके नसतात, कृती असते. हे तीन बिंदू जोडा, रंग भरा. जेवढं मोठं हवं, तेवढं कॉम्प्युटर नव्याने काढतो."

ही पद्धत २००१ साली प्रमाण ठरली म्हणे. तेव्हा मी बी.कॉम.च्या ताळेबंदाशी झुंजत होतो, त्यामुळे मला कोणी कळवलं नाही.

मीही एक तिकोना काढला. शिखराला मोठा आकडा, पायथ्याला लहान. किल्ला शीर्षासनात!

"बाबा, इथे वरून खाली मोजतात. आकडा वाढला की बिंदू खाली जातो."

हे मात्र मला लागलं. गेल्या महिन्यात साहेब रजेवर गेले म्हणून आठ दिवस त्यांचा चार्ज माझ्याकडे होता. तिसऱ्याच दिवशी एक फाइल उशिरा आली म्हणून मी शिपाईकाकांवर भर गिऱ्हाइकांत ओरडलो. अठरा वर्षं त्यांच्या हातचा चहा पितोय! नंतर मनाची समजूत घातली, दोष खुर्चीचा. तिने मला ताणलं, माझे ठिपके उघडे पडले.

खात्री करावी म्हणून चिरंजीवांना विचारलं, "आणि मुळात रेघच चुकली असेल तर?"

"तर चूकच मोठी होते. एकदम स्वच्छ दिसते."

झालं! खुर्ची निर्दोष सुटली. काउंटरवर मी सभ्य होतो, कारण ओरडायला हाताखाली कोणी नव्हतं. चूक तिथेही होतीच. तेवढ्या लहान आकारात ती दिसत नव्हती, इतकंच.

"मग करायचं काय रे?"

"फाइल उघडायची, आकडा बदलायचा. साधा मजकूर तर असतो."

साधा मजकूर! मला तो घशातून बाहेर काढायला दोन दिवस लागले. ओरडलो होतो चारचौघांत, तेव्हा माफीही चारचौघांतच मागायला हवी. सोमवारी भर गर्दीत म्हणालो, "काका, त्या दिवशी माझं चुकलं."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेही वरून खालीच मोजतात. मग हळूच विचारलं, "काय हो, पुन्हा चार्ज येतोय की काय तुमच्याकडे?"