अर्धा वेळ कार्यशाळेत

अमेरिकेच्या हायस्कुलांची गोष्ट सांगताना बहुतेक जण सुरुवात करतात ती ४ ऑक्टोबर १९५७ पासून. सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिका हादरली आणि आपली पोरे विज्ञानात मागे का, याची शोधाशोध सुरू झाली. यात खोटे काही नाही. पण त्या शाळांत कोण काय शिकणार याचा निकाल चाळीस वर्षे आधी लागला होता, आणि तो लागला होता वेळापत्रकात.

१९१७ मध्ये स्मिथ-ह्यूज कायदा झाला. शेती, कारखान्यातली कामे आणि गृहशास्त्र शिकवायला शाळांना केंद्राचा पैसा मिळू लागला. पैशाबरोबर अटही आली. कारखान्यातला धंदा शिकणाऱ्या मुलाने निम्मा वेळ प्रत्यक्ष कामात घालवायचा. उरलेल्या निम्म्याचेही पुढे दोन वाटे पडले: पाव वेळ धंद्याशी जोडलेल्या विषयांना आणि पाव वेळ इंग्रजी-इतिहासासारख्या बाकी सगळ्याला. आता या शेवटच्या चतकोरात बीजगणित, भूमिती, रसायन आणि भौतिक बसवून दाखवा! वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला भौतिकशास्त्र आले नाही, त्याला त्याची अक्कल किती हे कारण पुरत नाही. दिवसाचे तासच संपलेले होते.

या कायद्यामागचा मुख्य माणूस चार्ल्स प्रॉसर. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा धंदेशिक्षणाची अशी वेगळी चूल मांडायला विरोध होता. मुलाला आहे त्या कारखान्याच्या मापात कापून बसवणे म्हणजे शिक्षण नव्हे, असे त्यांचे म्हणणे. वादात प्रॉसर यांची बाजू जिंकली. हेच प्रॉसर १९४५ मध्ये म्हणाले की शंभरातली वीस मुले कॉलेजच्या तयारीत आहेत, वीस धंदेशिक्षणात, आणि उरलेल्या साठांना दोन्हीचा उपयोग नाही. त्यांना ‘आयुष्याशी जुळवून घ्यायला’ शिकवा. साठ टक्के पोरांबद्दल इतक्या खात्रीने बोलायला वेगळेच धैर्य लागत असावे.

स्पुटनिकनंतर पैशाची धार लागली. २ सप्टेंबर १९५८ रोजी आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. प्रयोगशाळांना साहित्य मिळाले, आणि हुशार मुले हेरून काढायला चाचण्या व समुपदेशक आले. धंदेशिक्षणाचाही त्यात वाटा होता, पण तो संरक्षणाला लागणारे तंत्रज्ञ घडवण्यापुरता. खरे तेज होते नव्या अभ्यासक्रमांत. एमआयटीतले जेरोल्ड झॅकरायस १९५६ पासूनच हायस्कूलचे भौतिकशास्त्र नव्याने रचत होते. त्यांच्या समितीने शाळांसाठी साधी, स्वस्त उपकरणे काढली. विजेच्या घंटेतली थरथरणारी पट्टी घ्यायची, तिच्याखाली कार्बन आणि कागदाची फीत सरकवायची, फितीचे टोक छोट्या गाडीला बांधायचे. गाडी धावली की फितीवर टिंबे उमटतात. टिंबांमधले अंतर वाढत गेले की त्वरण डोळ्यांना दिसते. हे शिकवणे अव्वल होते. मात्र शेवटच्या वर्षाच्या साधारण चार मुलांत एकच भौतिकशास्त्र घेई, आणि घंटा खोलून जोडण्यात ज्याचा हात बसलेला असायचा तो त्या एकात क्वचितच सापडे.

गणितातही तेच. एडवर्ड बेगल यांच्या गटाने १९५८ पासून ‘नवे गणित’ आणले. आपल्याकडे सत्तरच्या दशकात पुस्तकांत संच आले, ते याच लाटेवरून. या नव्या गणितात दहाऐवजी दोन किंवा आठ पाया धरून संख्या लिहायला शिकवत, आणि आईबाप घरी कपाळाला हात लावत. आता शेजारच्या कार्यशाळेत जा. तिथल्या पोलादी पट्टीवर इंचाचे भाग अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश, बत्तिसांश असे पडलेले. प्रत्येक वेळी निम्मे. ज्या पोराला पाच सोळांशातून तीन बत्तिसांश वजा करून लेथवर धातू उतरवता येतो, तो दोनच्या पायावरचे गणितच करत असतो. हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि वर्गातल्या मुलांना कोणी ती पट्टी दाखवली नाही.

हार्वर्डचे माजी अध्यक्ष, रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनन्ट यांनी १९५९ च्या आपल्या गाजलेल्या अहवालात एकाच छपराखालच्या सर्वसमावेशक हायस्कुलाची बाजू घेतली. वरच्या पंधराएक टक्के मुलांना चार वर्षे गणित आणि तीन वर्षे विज्ञान, बाकीच्यांना पोटापाण्याचे कौशल्य. सगळ्यांनी एकत्र बसायचे ते हजेरीच्या वर्गात आणि बारावीच्या नागरिकशास्त्रासारख्या तासाला. म्हणजे भावी डॉक्टर आणि भावी गवंडी लोकशाहीवर एकत्र चर्चा करणार, तरफेवर नाही.

वर्ग आणि कार्यशाळा ही दोन टोके जिथे खरोखर जुळली ते ठिकाण शाळेबाहेर होते. वेस्ट व्हर्जिनियात कोलवुड नावाचे कोळसाखाणीचे गाव. तिथला होमर हिकम आणि त्याचे दोस्त स्पुटनिक पाहून रॉकेट बनवू लागले. बिग क्रीक हायस्कूलच्या शिक्षिका फ्रीडा रायली यांनी त्यांना क्षेपणास्त्रांच्या रचनेचे पुस्तक दिले. रॉकेटचे वायू बाहेर सोडणारे तोंड मध्ये चिंचोळे आणि पुढे पसरट हवे. ते किती, हे काढायला कलनशास्त्र लागले. मापे कागदावर आली, पण पोलादाच्या कांबीतून तसे तोंड कातणार कोण? खाणीच्या यंत्रशाळेतले कारागीर. उष्णतेने तो चिंचोळा भाग झिजला की मुले पुन्हा समीकरणाकडे जात आणि कारागीर पुन्हा लेथकडे. १९६० मध्ये या उद्योगाने राष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात पदक मिळवले. हिकम पुढे नासात इंजिनिअर झाले आणि त्यांच्या आठवणींवर १९९९ मध्ये चित्रपट निघाला. चित्रपटात जिद्द ठळक दिसते. मला त्यातली यंत्रशाळा जास्त महत्त्वाची वाटते.

वाटणीत कोण कुठे पडे, हे मात्र निव्वळ योगायोगाने ठरत नसे. पुढे कृष्णवर्णीयांचा नेता झालेला माल्कम एक्स आठवीत वर्गात वरच्या क्रमांकांत होता. वकील व्हायचे म्हणाला, तर शिक्षकाने सुतारकी सुचवली. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधले मेक्सिकन वंशाचे हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. आम्हाला कॉलेजऐवजी कार्यशाळेकडे ढकलतात, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. मुलींना लेथपाशी फारसे कोणी येऊच देत नसे. गृहशास्त्र मुलींचे आणि कार्यशाळा मुलांची, ही विभागणी बेकायदा ठरायला १९७२ चा कायदा यावा लागला. हे लक्षात घेतले की कार्यशाळेबद्दल हळवे होणे जड जाते.

म्हणूनच १९८३ च्या ‘अ नेशन ॲट रिस्क’ या सरकारी अहवालाचे आकर्षण समजते. सगळ्यांसाठी चार वर्षे इंग्रजी, तीन गणित, तीन विज्ञान, तीन सामाजिक शास्त्रे, अर्धे वर्ष संगणक. चतकोरात अडकलेल्या मुलासाठी हे दार उघडणेच होते, ते मी नाकारत नाही. पण या यादीत कार्यशाळा नव्हती आणि पुढच्या वर्षांत अनेक शाळांतले लेथ विकले गेले. आज संगणकावर चालणाऱ्या लेथसाठी त्रिकोणमिती लागतेच. यंत्र आणि त्रिकोणमिती एकत्र शिकवण्याचे काम आता बरेचसे कम्युनिटी कॉलेजे करतात; शाळा सुटल्यावर, आणि बहुधा वेगळी फी घेऊन.