जशी नेली तशी

माणसाची पारख कशी करावी याबद्दल थोरामोठ्यांनी बरंच सांगून ठेवलं आहे. कोणी म्हणतात संकटात करावी, कोणी म्हणतात हातात अधिकार देऊन बघावा. आमची आजी म्हणायची, पंगतीत शेवटच्या पानावर बसवावा आणि तूप वाढायला उशीर करावा. या यादीत मी नम्रपणे एक भर घालतो. माणसाला पहाटे साडेचार वाजता लोहगावच्या विमानतळाबाहेर भाड्याची मोटार परत करताना पाहावं.

भाड्याची म्हणजे ड्रायव्हरशिवायची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात ती. गाड्या अशा भाड्याने देण्याची सरकारी योजना 1989 सालची, पण मध्यमवर्गी माणूस तिच्या वाटेला गेला तो फोनवरून गाडी मागवता येऊ लागली तेव्हा. तोवर आपण ड्रायव्हरसकट गाडी करत होतो. त्यात एक मोठी सोय असते. ड्रायव्हर असला की गाडीची सदसद्विवेकबुद्धी पगारी असते. ओरखडा आला तर त्याने आणला, उशीर झाला तर त्याच्यामुळे झाला. आपण मागे बसून काकडी खायची. ड्रायव्हर गेला आणि ही सगळी नैतिक जबाबदारी स्टिअरिंगसकट आपल्या मांडीवर आली.

गाडी परत करणं हा हल्ली एक विधी झाला आहे आणि त्याचे जाणकारही तयार झाले आहेत. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ त्यातले अधिकारी पुरुष मानले जातात. त्यांचं शास्त्र असं. गाडी ताब्यात घेतानाच चारी बाजूंनी फोटो काढा, बंपरच्या खालचेही काढा, व्याह्यांनी दागिने मोजून घ्यावेत तसे. परत करताना तेच फोटो त्याच क्रमाने काढा. पेट्रोलची पावती जपून ठेवा. नगर रस्त्याचा भरवसा धरू नका, तासभर आधी निघा. तपासणाऱ्याने ‘ठीक आहे’ असं नोंदवल्याशिवाय किल्ली सोडू नका. फास्टॅगचे पैसे मागाहून कापले जातात, तेव्हा कुठल्या नाक्यावर किती गेले ते लिहून ठेवा. हे सगळं बरोबरच आहे, याने पैसे वाचतात.

पेट्रोलचं प्रकरण मात्र शास्त्राच्या पलीकडचं आहे. गाडी घेताना काट्यावर सहा रेघा असल्या तर सहाच ठेवून परत करायची. पाच राहिल्या तर आपले पैसे जातात आणि सात पेटल्या तर पेट्रोल जातं. एरवी देवळाच्या जीर्णोद्धाराला अकराशे रुपये बिनबोभाट देणारा माणूस सातवी रेघ पेटली की जेवत नाही. विमाननगरच्या चौकाला दोन जादा चकरा मारून ती विझवणारेही असतात म्हणे. आपलं एक नातं मिटवताना हिशोब शून्यावर यावा, ना देणं ना घेणं, ही आपली फार जुनी हौस आहे.

तर प्रश्न असा आहे. जादा आकार पडला नाही म्हणजे गाडी नीट परत केली असं होतं का? आणि आकार पडला, तो आपण भरला, म्हणजे सगळं फिटलं का?

पुण्यात असल्या प्रश्नाला आधार शोधायला फार लांब जावं लागत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास भांडारकर संस्थेने 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत काढला. त्याच्या तिसऱ्या खंडात व्यवहाराचा, म्हणजे कोर्टकज्जांचा भाग आहे. मनुस्मृतीत राजाने निवाडा करायचे अठरा विषय दिलेत. पहिला कर्जाचा, दुसरा निक्षेपाचा. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेली वस्तू तो निक्षेप. आपली भाड्याची मोटार ही तंतोतंत निक्षेप नव्हे, पण त्याची चुलतबहीण म्हणायला हरकत नाही. त्यात एक सूट आहे. वस्तू चोरांनी नेली, पाण्यात वाहून गेली किंवा आगीत जळली तर ठेवून घेणाऱ्याने ती भरून द्यायची नाही, फक्त त्याने स्वतः तिच्यातलं काही काढून घेतलेलं नसावं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं पाणी पुण्यात शिरलं, त्या दिवशी कुणाच्या दारात तासाच्या बोलीवर आणलेली सायकल उभी असेल तर मनूने त्याला सोडून दिलं असतं. सायकलवाल्याने सोडलं असतं की नाही ते वेगळं.

इंग्रजांनी 1872 साली कराराचा कायदा केला, तो अजून चालू आहे. त्याचं 151 वं कलम सांगतं की दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना तिची तेवढी काळजी घ्यावी, जेवढी साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत आपल्या स्वतःच्या तसल्याच वस्तूची घेईल. कलम सुंदर आहे. अडचण एवढीच की पुण्यात साधारण शहाणा माणूस आणायचा कुठून? इथे दीडशहाण्याच्या खाली कोणी नाही. आणखी पुढे, 160 व्या कलमात, मुदत संपली की मालकाने न मागताच वस्तू परत करावी असं आहे. ‘न मागताच’ हे शब्द मला फार आवडतात. माझ्या कपाटातून गेलेल्या पुस्तकांच्या सध्याच्या धारकांना ते फ्रेम करून पाठवावेत असा विचार आहे.

पण ‘काळजी घ्यावी’ हे एक झालं आणि ‘न घेतल्यास इतके रुपये’ हे दुसरं. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. आईबाप मुलं न्यायला उशिरा येत म्हणून काही पाळणाघरांनी दंड बसवला. दंडाने उशीर कमी व्हावा ना? तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की ताटकळणाऱ्या बाईपुढे मान खाली घालून उभं राहावं लागे, आता पैसे टाकले की काम झालं. पुढे दंड काढून टाकला तरी लोक वेळेवर येईनात. लाज एकदा विकून झाली होती, परत कोण आणणार?

गाडीच्या दरपत्रकाचं हेच आहे. उशीर इतके, घाण इतकी, ओरखडा इतका. हॉटेलच्या मेनूसारखं. आमचे एक साडू सरळ म्हणतात, “तासाचे पैसे देतोय ना, मग उशीर करायचा मला हक्क आहे.” पैसे कंपनीला मिळतात हे खरं. पण सहा वाजता तीच गाडी घ्यायला जो कोणी दोन पोरं, म्हातारी आई आणि लाडवांचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभा आहे, त्याला त्यातलं काय मिळतं? नुकसान एकाचं आणि भरपाई भलत्याच्याच खिशात. साडूंना हे मी सांगितलं. ते म्हणाले, “त्याला मी ओळखत नाही.” सगळी मेख इथेच आहे. मालकाशी आपला करार असतो, पुढच्या गिऱ्हाइकाशी कसलाच नसतो. आणि तपासनीस, फोटो, अनामत यांतलं काहीही त्याच्या वतीने तिथे उभं नसतं.

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीहून माझा भाचा आला होता. गाडी घेऊन आम्ही ताम्हिणीतून दिवेआगरला जाऊन आलो. त्याला परत करण्याची तिकडची सवय. रांगेत गाडी उभी करायची, गणवेशातला माणूस हातातलं यंत्र टेकवतो, पावती येते, आपण चालू पडायचं. पहाटे विमानतळाकडे जाताना पेट्रोल पंपाच्या ट्यूबलाइटखाली त्याला मागच्या दाराखाली दीड इंचाचा ओरखडा दिसला. कुणी केला देव जाणे, माडाखाली गाडी दोन रात्री उभी होती. आमची सौ. मागच्या सीटवरून म्हणाली, “विचारलं तर सांग. न विचारता सांगायला ती काय सत्यनारायणाची कथा आहे?” माझं मत कोणी विचारलं नाही, आणि विचारलं तर सांगायचं हे धोरण मी पाळलं.

तपासायला आलेला मुलगा विशीतला होता. टॉर्च फिरवून त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, कोकणातली वाळू पाहून भुवई उडवली आणि म्हणाला, “ओके सर.” भाचा म्हणाला, “हे बघितलंत का?” आणि त्याने खाली वाकून बोट ठेवलं. त्या मुलाचा चेहरा पडला. “कशाला दाखवलंत सर? आता फॉर्म भरा, फोटो पाठवा, साहेबांना उठवा. रात्रीपासून अकरा गाड्या घेतल्यात मी.”

“अहो, पण नाहीतर पुढच्याच्या नावावर पडेल ना ते.”

“पुढच्याचं पुढचा बघेल,” मुलगा म्हणाला. पण फॉर्म त्याने भरला. साहेबही उठले, त्यांचा आवाज आम्हाला फोनबाहेर ऐकू आला. अनामतीतून अडीच हजार गेले. सौ. विमानतळापासून येरवड्यापर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, “ताईने मुलाला जरा जास्तच वळण लावलंय.” तेव्हापासून प्रत्येक हळदीकुंकवात ती ही गोष्ट सांगते, आणि अडीच हजारांचे आता चार झाले आहेत.

पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा हाच पेच तासाच्या सायकलीवर रोज पडायचा. आमच्या आळीतला सायकलवाला अनामत घेत नसे, वहीत नाव आणि वेळ लिहायचा. उशीर झाला तर घड्याळ बोलायचं, ब्रेकचं रबर गेलं तर डोळ्यांना दिसायचं, पण मंद पंक्चर हे फार धर्मसंकटाचं काम होतं. सायकल परत करताना टायर टणक लागायचं आणि पुढचा पोरगा ओंकारेश्वरापर्यंत पोचेतो बसायचं. पैसे त्याच्या गळ्यात. सायकलवाल्याच्या ते लक्षात आलं. मग तो सायकल भिंतीला टेकवून घ्यायचा आणि आणणाऱ्याला म्हणायचा, “बस जरा बाकावर, पाणी पी.” दहा मिनिटांनी येऊन टायरवर अंगठा दाबायचा आणि मगच वहीत नावावर रेघ मारायचा. मुलं तेवढा वेळ टायर सोडून सगळीकडे बघत बसायची. काहींनी लवकरच यावर उपाय काढला. गल्लीच्या तोंडाशी उतरून ती दुसऱ्याच्या पंपाने हवा ठासून भरून आणायला लागली. सायकलवाल्याने दहाची पंधरा मिनिटं केली.